शब्दचर्चा : परस्परमेळ, भागीदार, दोस्त

प्रश्न (नाशिकरोड) : काका, संयुक्त लष्करी सरावांवर हस्तलिखितासाठी लेख लिहितेय. ‘इंटरऑपरेबिलिटी’ला ‘आंतरकार्यक्षमता’ चालेल का? आणि ज्यांच्याबरोबर सराव होतो ते सगळे मित्रराष्ट्रच का?

उत्तर : ‘आंतरकार्यक्षमता’ नको. दोन फौजा आपापल्या जागी कमालीच्या कार्यक्षम असूनही एकमेकींशी त्यांचं जुळत नाही, असं होतं, आणि मुद्दा त्या जुळण्याचाच आहे. तू देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलीस, म्हणून उदाहरण तोफखान्यातलंच देतो. तोफेची दिशा ‘मिल’मध्ये सांगतात. नाटोच्या, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या, पद्धतीत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल, सोव्हिएत पद्धतीत ६०००. निरीक्षकाने ‘१००० मिल’ कळवलं, तर एका तोफेच्या लेखी ते ५६.२५ अंश, दुसरीच्या लेखी ६०. दहा किलोमीटरवर गोळा साधारण साडेसहाशे मीटर बाजूला पडणार, आणि तिथे आपलेच जवान असू शकतात! संदेश क्षणात पोचला, पण अर्थ पोचला नाही. मी ‘परस्परमेळ’ लिहितो. ‘नेटवर्क’ मात्र तसंच राहू दे, सगळ्यांना कळतं.

अफगाणिस्तानात नाटोच्या देशांची नेटवर्कं वेगवेगळी होती. ती जोडायला २०१० मध्ये ‘अफगाण मिशन नेटवर्क’ उभं करावं लागलं, तेही युती साठ वर्षांची झाल्यावर.

आता मित्रराष्ट्र. बातम्यांत हा शब्द फार सैल वापरतात, त्याचं मला वाईट वाटतं. नाटोच्या १९४९ च्या कराराचं पाचवं कलम म्हणतं, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. असं वचन असेल तिथे ‘दोस्त राष्ट्र’ म्हण. दुसऱ्या महायुद्धापासून तो शब्द मराठीत रुळलेला आहे. मलबार हा नौदल सराव आपण १९९२ मध्ये अमेरिकेबरोबर सुरू केला, आता जपान आणि ऑस्ट्रेलियाही त्यात असतात. पण यांपैकी कुणाशीही आपला परस्पर संरक्षणाचा करार नाही. २०१८ च्या ‘कॉमकासा’ करारामुळे अमेरिकी बनावटीची सुरक्षित संपर्क यंत्रणा मिळण्याची वाट मोकळी झाली. एकमेकांसाठी लढायला उतरायचं बंधन त्यातही नाही. म्हणून ‘भागीदार देश’.

प्रश्न : मग दुसऱ्या बाजीरावांची तैनाती फौज? तीही युतीच ना?

उत्तर : कागदावर हो. पण ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने फौज इंग्रजांची, तिच्या खर्चासाठी मुलूख पेशव्यांचा, आणि परराज्यांशी बोलायचं तर इंग्रजांना विचारून. तिथे ‘मांडलिकत्व’ लिही, कचरू नकोस.