१३ वर्षं एकाच कंपनीत, आता फोन कुणाला करू? ओळखी जोडायच्या आणि टिकवायच्या कशा, सल्ला हवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. वय ४१, मूळचा कराडकडचा, चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत १३ वर्षं क्वालिटीला होतो. मार्चमध्ये आमची लाईन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली आणि आम्हा तीसेक जणांना तीन महिन्यांचा पगार देऊन मोकळं केलं. रेझ्युमे बरा आहे, पीपीएपी (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घेणं), एट डी (तक्रारीचं मूळ शोधायची आठ पायऱ्यांची पद्धत), कस्टमर ऑडिट सगळं केलंय. पण पहिल्या आठवड्यात फोन घेऊन बसलो, ११०० च्या वर नंबर, सगळी यादी खालपर्यंत सरकवली तरी कुणाला लावावा सुचेना. निम्मे तर 'व्हेंडर नवीन', 'सीएमएम सर्व्हिस', 'टेम्पो भोसरी' असे सेव्ह केलेले, माणसांची नावंसुद्धा आठवत नाहीत. बायको म्हणते डिप्लोमाच्या मित्रांना कर की, पण आठ वर्षं कुणाशी बोललो नाही, दोघांच्या लग्नाला ऑडिट आहे म्हणून गेलो नाही, आता गरज पडल्यावर कुठल्या तोंडाने फोन करायचा?

त्यात गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता वडिलांना ॲडमिट करायची वेळ आली, माझ्या गाडीपुढे शेजाऱ्यांची गाडी आडवी, आणि सहा वर्षं त्याच बिल्डिंगमध्ये राहून त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. वॉचमनला उठवून, तो वर जाऊन बेल वाजवून, गाडी निघेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. वडील आता बरे आहेत पण ती पंधरा मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

तर तुटलेल्या ओळखी परत कशा जोडायच्या, लिंक्डइनचा खरंच उपयोग होतो का, आणि ते पैसे भरून बिझनेस ग्रुप असतात त्यात जावं का?

परचेसवाली

दादा, 'कुठल्या तोंडाने' हे आधी डोक्यातून काढा. मी १९ वर्षं परचेसला आहे, असे जुन्या लोकांचे फोन मला येतात आणि खरं सांगते, बरंच वाटतं की याला आपली आठवण आली. राग कधी येतो, तर माणूस दहा मिनिटं हवापाण्याचं बोलतो आणि शेवटी हळूच रेझ्युमे सरकवतो तेव्हा. म्हणून पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाका. आणि 'कुठे काही असेल तर बघ' असं अजिबात म्हणू नका, समोरचा 'हो बघतो' म्हणतो, त्याला नक्की काय बघायचं तेच कळत नाही आणि विषय तिथेच संपतो. दोन मिनिटांत उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा, उदाहरणार्थ:

'अरे मी अमुक, डिप्लोमाला तुझ्या मागच्या बाकावर होतो. बरीच वर्षं माझ्याकडून फोन झाला नाही. मार्चमध्ये नोकरी गेली, सप्लायर क्वालिटीत शोधतोय. तुमच्या रांजणगावच्या प्लांटला व्हेंडर ऑडिट कोण बघतं, नाव सांगशील का? रविवारी फोन केला तर चालेल?'

तो नाव सांगेल, मग तुमचं काम होवो न होवो, पुढे काय झालं ते त्याला परत कळवा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. माझ्याकडून नंबर नेलेल्या एका मुलाने सिलेक्शन झालं नाही तरी मेसेज केला होता, 'ताई, झालं नाही, पण त्यांनी गेज आर अँड आरवर (मोजमाप दरवेळी सारखं येतं का ते तपासणं) अर्धा तास विचारलं, अजून कुणाला पाठवणार असाल तर सांगून ठेवा.' त्याला मी नंतर न मागता दोन ठिकाणी सुचवलं.

आणि ते 'टेम्पो भोसरी' आज संध्याकाळीच बसून नीट करा. नाव, कुठे भेटलो, शेवटचं काय बोलणं झालं एवढं लिहा. टेम्पोवाला रोज चार कंपन्यांच्या गेटमधून आत-बाहेर करतो, कुठे नवीन लाईन पडतेय ते आपल्याआधी त्याला कळतं.

आकडेमोड

ताईंच्या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे म्हणून लिहितो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळ, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, ५५ टक्क्यांहून जास्त अधूनमधून भेटणारे आणि २८ टक्क्यांच्या आसपास वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. हा निबंध १९७३ चा. कारण साधं आहे, रोजच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, तुमच्याबरोबर बाहेर पडलेले तीस जण आज तुमच्यासारखेच शोधतायत. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवर पाच वर्षांचा अभ्यास आला, त्यात थोडी भर पडली की अगदीच अनोळखी माणसाचा फारसा फायदा नाही, मधल्या ओळखीचा सगळ्यात जास्त. म्हणजे लिंक्डइन वापराच, पण भराभर रिक्वेस्ट टाकण्यात अर्थ नाही. जुने सप्लायर, आलेले ऑडिटर, कंपनी सोडून गेलेले सीनियर यांना शोधा आणि रिक्वेस्टबरोबर दोन ओळी लिहा.

रविवार_पेठ

पैसे भरून ग्रुपबद्दल. मी बीएनआयमध्ये तीन वर्षं होतो, एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला मीटिंग, एकमेकांना काम द्यायचं. माझा इंटिरियरचा धंदा, मला फायदा झाला. नोकरी शोधणाऱ्याने आत्ता तिकडे पैसे घालू नयेत, पुढे कन्सल्टन्सी काढलीत तर बघा, आणि तेव्हा मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लबही बघा. तुमच्या लाईनला क्वालिटी सर्कल फोरमचं पुणे चॅप्टर आहे, त्यांच्या कन्व्हेन्शनला वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीम केस स्टडी मांडतात, एका दिवसात वीस प्लांटची क्वालिटीची माणसं एका छताखाली दिसतात.

सातारी_काका

नोकरीचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी त्या पंधरा मिनिटांबद्दल बोलतो. बाळा, लग्नाला नाही गेलास तरी लोक विसरतात, दवाखान्यात आणि मयतीला गेलेला माणूस कुणी विसरत नाही. मोठं काही करावं लागत नाही. आमच्या हिच्या आजारपणात खालच्या मजल्यावरचा एक मुलगा रोज सकाळी सातला थर्मास भरून चहा ठेवून जायचा, बेलही वाजवायचा नाही. त्याच्याशी माझं आधी धड बोलणंही नव्हतं. आता सोसायटीचा गणपती येईल, वर्गणी देऊन घरात बसू नकोस, मांडव घालायला जा, पाट, खुर्च्या उचल. बरोबर काम केलं की ओळख होते, नुसतं 'काय म्हणता, बरं आहे ना' करून होत नाही.

परचेसवाली

काकांना +१. थर्मासचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितोय कारण आधी करून बघितलं. त्या दोघांपैकी एकाला, ज्याच्या लग्नाला गेलो नव्हतो, ताईंचा मेसेज जवळजवळ तसाच पाठवला. दहा मिनिटांत त्याचाच फोन आला, लग्नाचा विषयही काढला नाही, आधी विचारलं वडील कसे आहेत, त्याला गावाकडून कळलं होतं. व्हेंडर ऑडिट बघणाऱ्यांचं नाव मिळालं, बुधवारी बोलणं झालं, सध्या जागा नाही म्हणाले, तेही त्याला कळवलं.

आणि शेजाऱ्यांकडे जाऊन नंबर घेतला. बँकेत आहेत, त्यांच्या आईचं डायलिसिस आमच्याच दवाखान्यात चालू आहे, सोमवार-गुरुवार पहाटे निघतात, म्हणून गाडी तशी पुढे लावतात. पुढच्या सोमवारी त्यांना दौऱ्यावर जायचंय, आईंना मी सोडून येणार आहे.

ताई, आता आमच्याकडे यायचे त्या ऑडिटर सरांना लिहायचंय, वयाने आणि मानाने मोठे आहेत, त्यांना मेसेज करावा की सरळ फोन?