कॉलेज फुटबॉल, जर्सी क्रमांक आणि सर्वश्रेष्ठ खेळाडू: तुमची निवड कोणती, आणि ती कशी केलीत?

धागाकर्ता

प्रश्न साधा आहे. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला कुठलाही एक जर्सी क्रमांक घ्या आणि तो घालून खेळलेला सर्वांत मोठा खेळाडू सांगा. नुसतं नाव नको. कोण थोडक्यात मागे पडला आणि कशामुळे, हेही लिहा.

चार गोष्टी आधी ठरवून घेऊ, नाहीतर वाद भलतीकडे जातो.

क्रमांक कॉलेजचाच धरायचा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. जिम ब्राउन म्हटलं की ३२ आठवतो, पण तो व्यावसायिक क्लीव्हलँड संघातला. सिरॅक्यूजला तो ४४ होता. बॅरी सँडर्स डेट्रॉइटमध्ये २० आणि ओक्लाहोमा स्टेटमध्ये २१. जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये ८८, जो मोंटाना नोत्र दामला ३, लॉरेन्स टेलर नॉर्थ कॅरोलायनाला ९८. यादी केल्यावर प्रत्येक नाव कॉलेजच्या वेषातल्या फोटोशी ताडून बघा.

दुसरं, प्रत्येक क्रमांकामागची गर्दी सारखी नसते. आक्रमक फळीतल्या (चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाच्या पुढच्या रांगेतल्या) पाच जणांनी ५० ते ७९ मधलेच क्रमांक घ्यायचे, हे बंधनकारक आहे. त्यामुळे ६४ साठी दावेदार मोजके, तर २ किंवा ३४ साठी रांग. ० तर २०२० मध्ये अधिकृत झाला, तिथे फार मागे जाताच येत नाही.

तिसरं, हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मतदानाने मिळणारा पुरस्कार) हा पुरावा म्हणून धरा, निकाल म्हणून नको. चौथं, व्यावसायिक कारकीर्द पूर्ण बाजूला ठेवा. टॉम ब्रेडीला मिशिगनच्या १० साठी गुण द्यायचे तर फक्त मिशिगनमधल्या खेळाचे.

सिरॅक्यूजप्रेमी: ४४

एकाच विद्यापीठात एका क्रमांकासाठी एवढी चुरस दुसरीकडे नाही. जिम ब्राउन, अर्नी डेव्हिस, फ्लॉइड लिटल, तिघेही ४४. विद्यापीठाचा पिनकोडसुद्धा १३२४४ आहे. २००५ मध्ये हा क्रमांक निवृत्त केला गेला.

आकडे डेव्हिसच्या बाजूने आहेत. त्याने तीन हंगामांत चेंडू घेऊन २,३८६ यार्ड धावून ब्राउनचा शाळेचा (म्हणजे विद्यापीठाचा) विक्रम मोडला. १९५९ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो होता आणि १९६१ मध्ये हाइझमन जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. तरीही माझं मत ब्राउनला.

१९५६ मध्ये ब्राउनने फक्त ८ सामन्यांत ९८६ यार्ड केले. कोलगेटविरुद्ध एकट्याने ४३ गुण: ६ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, प्रत्येकी ६ गुण) आणि टचडाउननंतरच्या किकचे ७ अतिरिक्त गुण, तेही स्वतः किक मारून. म्हणजे टचडाउन करायचा, उठायचं, चेंडू ठेवला गेला की त्याच पायांनी किक घ्यायची आणि पुढे बचावालाही उभं राहायचं. १९५३ मध्ये खेळाडू बदलण्यावर कडक मर्यादा परत आल्या होत्या, त्यामुळे तेव्हाचे खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळत. त्या काळाचे यार्ड आजच्या यार्डांशी थेट तोलणं चूक आहे. आजचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बचावाच्या वेळी बाकावर बसून दम घेतो.

त्या वर्षीच्या हाइझमन मतदानात ब्राउन पाचवा आला. ट्रॉफी पॉल हॉर्नंगला मिळाली, ज्याच्या संघाने २ सामने जिंकून ८ गमावले होते. हाइझमनला निकाल का मानू नये, ते इथे दिसतं.

आकडेमोड: यार्ड कसे मोजता?

धागाकर्त्याच्या नियमांत एक भर घाला: २००२ च्या आधी बाउल (हंगामाअखेरच्या खास) सामन्यांतले आकडे अधिकृत नोंदीत धरत नसत. ही एक गोष्ट विसरली की अर्धी यादी चुकते.

३३ क्रमांक घ्या. टोनी डॉरसेट, पिट्सबर्ग, हाइझमन १९७६. मार्कस ॲलन, यूएससी, हाइझमन १९८१. रॉन डेन, विस्कॉन्सिन, हाइझमन १९९९. डॉरसेटचे अधिकृत ६,०८२ यार्ड, डेनचे ६,३९७. सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने २०१६ मध्ये ६,४०५ करून डेनला मागे टाकलं, पण त्याचे बाउल सामने धरलेले आहेत. डेनचे बाउल धरले तर आकडा ७,१२५ होतो! तेव्हा तुलना करताना दोघांचे बाउल एकतर धरा किंवा दोघांचेही वगळा.

२१ मध्येही तेच. बॅरी सँडर्सचा १९८८ चा हंगाम २,६२८ यार्ड म्हणून नोंदला आहे, ११ सामन्यांत. बाउलमधले २२२ मिळवले की २,८५०. २१ साठी मिशिगनचा डेझमंड हॉवर्डही हाइझमनवाला, पण सँडर्ससमोर चर्चा लांबवायची गरज नाही.

बचावपटूंसाठी अडचण आणखी मोठी आहे. सॅकची (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, चेंडूसकट पाडण्याची) अधिकृत मोजणी २००० पासूनची. म्हणून एका हंगामाचा अधिकृत विक्रम ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचा, २००२ मधले २४. पण अलाबामाच्या डेरिक थॉमसने १९८८ मध्ये २७ केले होते. विक्रमांची अधिकृत यादी समोर ठेवून ५५ निवडायला बसलात तर थॉमस दिसणारच नाही. अशा वेळी शाळेच्या स्वतःच्या नोंदी उघडाव्या लागतात.

३३ साठी मी डॉरसेट घेतो. १९७६ ला अपराजित संघ, राष्ट्रीय विजेतेपद आणि हाइझमन, तिन्ही एकाच वर्षी.

दक्षिणवाला: ३४

सर्वांत अवघड क्रमांक हाच. हर्शेल वॉकर (जॉर्जिया), बो जॅक्सन (ऑबर्न), रिकी विल्यम्स (टेक्सास), तिघेही हाइझमनवाले. वर वॉल्टर पेटन, जॅक्सन स्टेटचा. पेटन खालच्या विभागात खेळला म्हणून त्याला गाळणं मला पटत नाही, पण प्रतिस्पर्धी वेगळे असल्याने थेट तुलना जमत नाही.

निकष लावून बघू. एकूण यार्डांत विल्यम्स पुढे: ६,२७९, चार हंगामांत. दर धावेमागे जॅक्सन पुढे: ६५० वेळा चेंडू घेऊन ४,३०३, म्हणजे सरासरी ६.६. वॉकरची सरासरी ५.३. पण ते ५,२५९ यार्ड फक्त तीन हंगामांतले आणि ९९४ वेळा चेंडू हातात घेऊन केलेले. समोरच्या अकरा जणांना चेंडू कोणाकडे जाणार हे ठाऊक असताना केलेले.

१ जानेवारी १९८१ चा शुगर बाउल पाहा. सामन्याच्या सुरुवातीलाच वॉकरचा खांदा निखळला. तरी ३६ वेळा धावला, १५० यार्ड, २ टचडाउन. जॉर्जियाच्या क्वार्टरबॅकचे १२ पैकी फक्त १ पास पोचला. क्वार्टरबॅकचे मागे गेलेले यार्ड वजा झाल्यामुळे पूर्ण संघाचे यार्ड वॉकरच्या यार्डांपेक्षा कमी भरले. नोत्र दामविरुद्ध १७–१० जिंकून जॉर्जिया राष्ट्रीय विजेता. हा मुलगा तेव्हा पहिल्या वर्षाला होता.

हाइझमनमध्ये तो तिसरा, मग दुसरा, मग पहिला. संघ तीन वर्षांत ३३ जिंकला, ३ हरला. ३४ म्हणजे वॉकर.

टेक्सासकर

@दक्षिणवाला, वॉकर मान्य. फक्त रिकीबद्दल एक सांगतो, कारण क्रमांकांच्या धाग्यात ते यायला हवं. १९९८ मध्ये एसएमयूचा डोक वॉकर गेला, तेव्हा ओक्लाहोमाविरुद्धच्या सामन्यात रिकी विल्यम्स ३४ सोडून डोकचा ३७ घालून उतरला. ३७ च्या रकान्यात डोक वॉकरच (हाइझमन १९४८), पण त्या एका दिवसापुरता रिकीही.

नेब्रास्काकर: २० आणि १५

२० मध्ये पाच हाइझमन: बिली कॅनन (एलएसयू, १९५९), माइक गॅरेट (यूएससी, १९६५), जॉनी रॉजर्स (नेब्रास्का, १९७२), अर्ल कॅम्पबेल (टेक्सास, १९७७), बिली सिम्स (ओक्लाहोमा, १९७८). माझी निवड रॉजर्स. तो धावायचा, झेलायचा, पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) परत आणायचा, आणि शेवटच्या ऑरेंज बाउलमध्ये नोत्र दामविरुद्ध चार टचडाउन करून पाचव्याचा पासही त्यानेच फेकला. २५ नोव्हेंबर १९७१ ला ओक्लाहोमाविरुद्धची ७२ यार्डांची पंट रिटर्न तर आहेच. तो सामना ३५–३१ असा सुटला.

१५ साठी फ्लोरिडाचा टिम टीबो की आमचा टॉमी फ्रेझियर? टीबोचा २००७ चा हंगाम, ३२ टचडाउन फेकून आणि २३ धावून, कागदावर भारी. फ्रेझियर हाइझमनमध्ये दुसराच राहिला. पण १९९४ आणि १९९५ चं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्या हातून आलं. ऑप्शन खेळणाऱ्या क्वार्टरबॅकला पासिंगच्या आकड्यांनी मोजलंत तर तो हरणारच, कारण त्याचं खरं काम म्हणजे बचावातला एक माणूस वाचून शेवटच्या क्षणी चेंडू ठेवायचा की टाकायचा हे ठरवणं. ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

बायूकाठ

@नेब्रास्काकर, २० ला कॅनन. ३१ ऑक्टोबर १९५९, ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) ३–० ने पुढे, चौथा क्वार्टर. पंट टप्पा घेऊन आला आणि कॅननने तो स्वतःच्या ११ यार्ड रेषेवर उचलला. एवढ्या मागे पंटला हात लावू नये, हा साधा नियम. चेंडू निसटला असता तर सामना तिथेच गेला असता. तो उजव्या कडेने ८९ यार्ड गेला. त्यानंतर ओल मिस चेंडू घेऊन थेट गोल रेषेपर्यंत आलं आणि चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नात) १ यार्डावर त्यांना अडवणाऱ्यांत पुन्हा कॅनन. ७–३. रॉजर्स तीन प्रकारे खेळायचा हे खरं, पण शेवटच्या डाउनला बचावात उभा नसायचा.

फळीतला: ५० ते ७९

सगळे धावणाऱ्यांवरच लिहिताय. फळीतल्यांना यार्ड नसतात, मग मोजायचं कसं? माझी पद्धत: चित्रफीत लावा, चेंडू विसरा आणि स्नॅपनंतर (चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला की) त्या एका माणसाची पहिली दोन पावलं बघा. पाय खांद्याइतके फाकलेले राहतात का, हात समोरच्याच्या छातीच्या आत आधी पोचतात का, आणि शिट्टी होईपर्यंत पाय चालू राहतात का. वीस स्नॅप सलग पाहिले की कळतं. नुसते पॅनकेक, म्हणजे समोरच्याला पाठीवर पाडलेले ब्लॉक, मोजू नका. प्रत्येक शाळेचा प्रशिक्षक ते आपल्या हिशेबाने मोजतो.

या पद्धतीत ७५ ला ओहायो स्टेटचा ऑर्लँडो पेस निर्विवाद. फळीतल्यांना मिळणारा लोम्बार्डी पुरस्कार दोनदा, आणि १९९६ च्या हाइझमनमध्ये चौथा. आक्रमक टॅकलने चौथं येणं म्हणजे केवढं! त्याच शाळेचा ७४, जॉन हिक्स, तर १९७३ मध्ये दुसरा आला होता.

५० वर खरी झुंज आहे. नेब्रास्काचा सेंटर (फळीच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) डेव्ह रिमिंग्टन, फळीतल्यांचीच आउटलँड ट्रॉफी दोनदा, १९८१ आणि १९८२. समोर इलिनॉयचा डिक बटकस, जो लाइनबॅकरही (बचावात फळीच्या मागे उभा राहणारा) होता आणि सेंटरही. रिमिंग्टन जे करायचा ते बटकस अर्धा वेळ करून उरलेल्या वेळात बचाव सांभाळायचा. सेंटर म्हणून रिमिंग्टन वरचढ, खेळाडू म्हणून बटकस. ५० बटकसला.

निळापिवळा: २

२ साठी कॅम न्यूटन, जॉनी मॅन्झिएल, डेरिक हेन्री, डिऑन सँडर्स आणि चार्ल्स वुडसन. न्यूटनचा २०१० चा एकच हंगाम इतका भरगच्च आहे की हात थांबतो: २,८५४ यार्ड पासिंग, १,४७३ धावून, ऑबर्न १४–०. तरी वुडसन. १९९७ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध त्याने ३७ यार्डांचा पास झेलला, ७८ यार्डांची पंट टचडाउनपर्यंत नेली आणि एंड झोनमध्ये पास हिसकावला. मिशिगनने २०–१४ जिंकलेल्या सामन्यात हे तिन्ही एकाच माणसाचं.

क्रमांकांबाबत एक तांत्रिक गोष्ट: एकाच संघात दोन खेळाडू एकच क्रमांक घेऊ शकतात, फक्त एका वेळी दोघे मैदानावर नकोत. त्यामुळे जुनी चित्रफीत पाहताना ‘२’ दिसला म्हणजे तुमचाच माणूस असं धरू नका. खेळाडूची जागा आणि संघाची त्या वर्षीची यादी, दोन्ही तपासा.

धागाकर्ता

७७ वर कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. रेड ग्रेंज, इलिनॉय. १८ ऑक्टोबर १९२४, मिशिगनविरुद्ध, सुरुवातीचा किकऑफच ९५ यार्ड परत. मग ६७, ५६, ४४. पहिल्या १२ मिनिटांत चार टचडाउन. तेव्हा धावणाऱ्याने ७७ घालण्याला आडकाठी नव्हती. आज धावणारे सहसा हा क्रमांक घालत नाहीत, त्यामुळे ७७ मध्ये त्याची तुलना फळीतल्यांशीच करावी लागते. @फळीतला, तुमच्या वीस स्नॅपच्या पद्धतीतून ७७ साठी कोणी लाइनमन पुढे येतो का, ते लिहा. ४५ ही अजून रिकामा आहे: दोन हाइझमनवाला आर्ची ग्रिफिन, आणि टीसीयूचा सॅमी बॉ, जो व्यावसायिक झाल्यावर ३३ झाला.