टॅटिंग: जोड घातला की रिंग मिटतच नाही

प्राजू_नाशिक
मंडळी, टॅटिंग (शटलने दोऱ्याच्या गाठी घालून करायची लेस) नुकतंच हातात घेतलंय. रुमालाला कड करायची आहे. अँकरचा २० नंबरचा पांढरा दोरा, टोकदार प्लास्टिकचं शटल (दोरा गुंडाळायची होडीसारखी छोटी फिरकी). रिंग साधीच: ५-५-५-५, म्हणजे पाच टाके, पिको (दोन टाक्यांमध्ये सोडलेला दोऱ्याचा छोटा फासा), पाच टाके, पिको, असं. सुटी रिंग झकास मिटते. पण दुसरी रिंग पहिलीच्या पिकोला जोडली की संपलं! शटलचा दोरा ओढला तर जोडानंतरचे टाके एकावर एक चढतात आणि हातावरचा (डाव्या हाताच्या बोटांभोवतीचा) फेरा जैसे थे. जोर लावला तर दोरा तुटतो. यूट्यूबवाल्या बाईंचे हात इतके भराभर चालतात की नेमकं काय करतात ते कळत नाही. काय चुकतंय?

वसईकर_काकू
प्राजू, तुझ्या वर्णनावरूनच कळलं. तू पिकोतून शटलचा दोरा वर काढतेस. काढायचा असतो हातावरचा. रिंगेत शटलचा दोरा म्हणजे कणा, तो सगळ्या टाक्यांतून सरळ जातो आणि सरकता राहतो, म्हणून तर रिंग मिटते. तोच पिकोत अडकवला तर सरकणार कुठून?

आता सावकाश कर. पहिल्या रिंगेचा शेवटचा पिको हातावरच्या दोऱ्यावर आडवा येऊ दे. शटलचं टोक वरून पिकोत घाल आणि खालचा हातावरचा दोरा पकडून वर ओढ. शटल जाईल एवढाच फासा काढ, जास्त नको. शटल त्यातून पार कर. पुढची पायरी सगळ्या जणी गाळतात: शटलचा दोरा ताठ धरायचा आणि डाव्या हाताचं मधलं बोट वर उचलायचं. फासा आपोआप आवळत खाली बसतो आणि पिको टाक्यांच्या रांगेत येऊन टेकतो. शटलच ओढत राहिलीस तर फासा कण्यावर न बसता कणाच वाकडा होतो.

आणि सवय लाव: प्रत्येक जोडानंतर, पुढचा टाका घालायच्या आधी, शटल जरासं ओढून बघ. हातावरचा फेरा लहान झाला की जोड बरोबर. बोटं पसरून फेरा परत मोठा कर आणि पुढे चल. अडलं तर तिथल्या तिथे सुटतं. पंधरा टाक्यांनंतर कळलं तर कात्रीच.

टाका दोन अर्ध्यांचा असतो; जोडाला मी पहिला अर्धा टाका धरते, म्हणून त्यानंतर फक्त दुसरा अर्धा घालते. काही जणी जोड मोजतच नाहीत, पूर्ण पाच घालतात. कसंही कर, पण एका रुमालात एकच पद्धत ठेव. नाहीतर रिंगा एका अंगाला झुकतात.

धागेदोरे
काकूंशी सहमत, फक्त शटलच्या टोकाबद्दल नाही. नवशिक्यांनी सरळ क्रोशाची स्टीलची बारीक सुई घ्यावी. २० नंबरला ०.७५ मिमीची पुरते. टोकाने दोरा उकलतो, त्याचे पीळ सुटतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतं.

अजून एक शक्यता तपास. जोड बरोबर असेल, पण लगेचचा टाका पलटला नसेल, म्हणजे गाठ शटलच्या दोऱ्यावरून हातावरच्या दोऱ्यात आली नसेल, तरी रिंग अशीच अडते. जोडाच्या गडबडीत हातावरचा दोरा ढिला सोडायचं राहून जातं, मग गाठ शटलच्या दोऱ्याची पडते.

जाता जाता: १८५० च्या आधी हा प्रश्नच नव्हता. रिंगा सुट्या करून सुईदोऱ्याने एकमेकींना शिवत. पिकोतून जोडायची युक्ती त्यानंतरची.

प्राजू_नाशिक
काकू, अगदी तेच होत होतं! आता मिटतेय. पण एक सांगा, चेन (रिंगांना जोडणारी, न मिटणारी टाक्यांची कमान) करताना एका व्हिडिओत शटलचाच दोरा पिकोतून काढलेला दिसला. मग तिथे कसं चालतं?

वसईकर_काकू
चेन कुठे मिटायची असते? तिथे कणा अडकलेलाच हवा असतो, म्हणजे चेनचा बाक हलत नाही. त्याला लॉक जॉइन म्हणतात. फक्त आधी चेन हवी तेवढी ओढून घे, कारण एकदा लॉक केल्यावर ती घट्टही होत नाही आणि सैलही. रिंगेच्या मध्ये मात्र चुकूनही नको.

मीरा_न्यू_जर्सी
मी गोल डॉयलीत (लेसच्या छोट्या आसनात) नेहमी शेवटच्या रिंगेला अडते. ती पहिलीला जोडायची असते, पण पहिली उजवीकडे येते. नेहमीसारखा जोड घातला तर पिकोला पीळ पडतो.

वसईकर_काकू
मीरा, काम मधोमध दुमड, पुस्तकाचं पान उलटावं तशी पहिली रिंग चालू रिंगेवर आण. तिची उलटी बाजू तुझ्याकडे दिसेल. पिकोत सुई घातल्यावर सुईला अर्धा वळसा दे, म्हणजे पिको मुद्दाम पिळला जाईल. मग हातावरचा दोरा ओढ, शटल पार कर, काम उलगड. उलगडताना तो पीळ सुटतो. सुटण्याऐवजी वाढला तर वळसा उलट्या दिशेने दिलाय. इथे सुईच लागते, शटलच्या टोकाने होत नाही. (धागेदोरे, खूश?)

धागेदोरे
खूश! प्राजू, मिटलेली रिंग उघडायची वेळ आलीच तर कात्री घेऊ नकोस. शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके नखांनी एकमेकांपासून दूर ओढ. मध्ये कणा उघडा पडतो. बोथट सुईने तो उचलून थोडा थोडा ओढत फेरा मोठा कर. पिको नसलेल्या रिंगेत हे जमत नाही, आणि जोडाचा पिको असेल तर फार ताणू नकोस.