जुना रेपो, नवं कार्ड: कुडा ट्रू म्हणतंय तरी पहिल्याच बेरजेला आपटतंय

अर्धवट_कोड
नमस्कार मंडळी, तीन दिवस याच्यात अडकलोय, आता डोकं चालेना म्हणून इथे टाकतोय. २०२१ च्या एका रिसर्च पेपरचा कोड (रेपो, म्हणजे कोडचं फोल्डर) चालवायचाय. रीडमीत पायथन ३.९, पायटॉर्च (न्यूरल नेटवर्कची लायब्ररी, थोडक्यात टॉर्च) १.१० आणि कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं चालवायची प्रणाली) ११.३ लिहिलंय, मी कोंडात (वेगवेगळे सेटअप वेगळे ठेवणारं टूल) अगदी तेच टाकलं. कार्ड आरटीएक्स ५०७०, उबुंटू २२.०४. टॉर्चला कुडा आहे का विचारलं तर ट्रू येतं, कार्डाचं नावही बरोबर सांगतो, पण टेन्सर (आकड्यांची मांडणी) जीपीयूवर, म्हणजे कार्डावर, नेऊन त्यात साधा एक मिळवला की "नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल फॉर एक्झिक्युशन ऑन द डिव्हाइस". एनव्हिडिया-एसएमआयमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) वर उजवीकडे कुडा १२.८ दिसतंय आणि मला हवंय ११.३, म्हणजे घोळ इथेच असं धरून मी कुडाचं टूलकिट (कोड कम्पाइल करायचा संच) तीनदा काढून घातलं, एकदा तर ड्रायव्हरच उडाला, स्क्रीन काळी, ते निस्तरण्यात अख्खी रात्र गेली. तो १२.८ काही हलत नाही. काय चुकतंय?

डबा_बंद
डॉकर टाक ना भावा, सगळं सॉफ्टवेअर एका डब्यात बंद. जुनी इमेज (तयार डबा) ओढ, मोकळा हो.

लॉग_वाचा_आधी
डॉकरने हे सुटणार नाही, जुन्या इमेजमध्ये टॉर्चही जुनाच असणार आणि कार्ड तर तेच राहणार.

आधी त्या १२.८ चा नाद सोड. तो आकडा म्हणजे तुझा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कुडापर्यंत चालवू शकतो एवढंच, मशीनवर काय इन्स्टॉल आहे त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं, टॉर्चचं रेडीमेड पॅकेज स्वतःचं कुडा रनटाइम सोबत घेऊन येतं, नुसतं चालवायला वेगळं टूलकिट लागतच नाही, त्यामुळे तुझी ती रात्र फुकट गेली रे, वाईट वाटलं वाचून.

खरी भानगड वेगळी आहे. ५०७० आहे ब्लॅकवेल, म्हणजे एसएम_१२० (कार्डाच्या पिढीचा क्रमांक), २०२५ चं कार्ड. कुडा ११.३ आलं २०२१ ला, त्याच्या कम्पायलरला हे कार्ड माहीतच नाही. ट्रू येतं कारण ड्रायव्हर आणि कार्ड सापडतंय, कॉपी करायलाही अडचण नाही, पण बेरीज करायची म्हटलं की त्या कार्डासाठी कम्पाइल केलेला कर्नल (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) लागतो आणि तो पॅकेजमध्ये नाहीये. टॉर्चने कार्डाला पहिल्यांदा हात लावल्यावर एक लांबलचक वॉर्निंग आली असेल बघ, ती आपण सगळेच न वाचता पुढे जातो. टॉर्च.कुडा.गेट_आर्च_लिस्ट (टॉर्च कुठल्या कार्डांसाठी बनलाय त्याची यादी) चालवून काय येतं ते टाक इथे.

अर्धवट_कोड
एसएम_३७, ५०, ६०, ७०, ७५, ८०, ८६. बस. १२० नाहीच. वॉर्निंग पण आहे वर, शब्दशः हेच लिहिलंय 🤦

लॉग_वाचा_आधी
मग संपलं. टॉर्च २.७ किंवा पुढचा, कुडा १२.८ वाला बिल्ड. नवीन एन्व्हायर्नमेंट (कोंडातला वेगळा सेटअप) कर, जुन्यावर थर चढवू नको.

अर्धवट_कोड
केलं. नवीन एन्व्हायर्नमेंट, पायथन ३.९ च ठेवला, पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) टॉर्च टाकला, एका सेकंदात झालं, आणि व्हर्जन विचारलं तर परत १.१०!! भूत आहे का यात

लॉग_वाचा_आधी
एका सेकंदात टॉर्च येत नसतो, फाइल केवढी मोठी असते ती. पिपने "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड" म्हटलं असणार, त्याच ओळीत पुढे पाथ असतो तो वाच. डॉट-लोकल दिसतंय का?

अर्धवट_कोड
हो!! होम फोल्डर, डॉट-लोकल, लिब, पायथन ३.९, साइट-पॅकेजेस.

लॉग_वाचा_आधी
कधीतरी पिपला --यूझर (म्हणजे होम फोल्डरमध्ये टाक) लावून टॉर्च टाकला होतास. पायथनचा नंबर तोच असला की ते फोल्डर प्रत्येक कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये घुसतं आणि वर आधी तेच वाचलं जातं. तिथला टॉर्च काढून टाक, आणि पायथननोयूझरसाइट हे व्हेरिएबल १ करून ठेव कायमचं. शंका आली की टॉर्चचं __फाइल__ (त्याचा पाथ) प्रिंट करून बघायचं, कुठून उचललाय ते लगेच कळतं.

अर्धवट_कोड
बेरीज झाली! पण आता रेपोतलं कुडा एक्स्टेंशन (वेगळा कम्पाइल करायचा भाग) कम्पाइल होत नाहीये, टीएचसी.एच सापडत नाही म्हणतो.

सेमीकोलन_ताई
इथे मी येते, हे मी दोनदा भोगलंय. टीएचसीची (टॉर्चचा जुना कुडा भाग) हेडर टॉर्च १.११ ला काढून टाकली. तो इन्क्लूड उडव, टीएचकुडाचेकच्या जागी सी१०_कुडा_चेक लाव आणि त्याचं हेडर घे, टीएचसीसीलडिव्हच्या जागी एटी::सील_डिव्ह. बहुतेक जुन्या रेपोंत एवढंच असतं. कम्पाइल करायला मात्र टूलकिट लागतंच आणि ते १२.८ चंच, ११.३ चं एनव्हीसीसी (कुडाचा कम्पायलर) पाथमध्ये राहिलं असेल तर टॉर्च स्वतःच बिल्ड थांबवेल.

पुढे नमपायचं (पायथनची गणिताची लायब्ररी) एनपी.फ्लोट अडेल, ते १.२४ पासून गेलंय, कोडमध्ये साधं फ्लोट कर. आणि पेपरवाल्यांचा चेकपॉइंट (शिकवलेल्या मॉडेलची साठवलेली फाइल) लोड करताना अनपिकलिंग एरर येण्याची शक्यता आहे कारण २.६ पासून वेट्स_ओन्ली (फक्त आकडे वाच, कोड नको) आपोआप ट्रू असतं. ते फॉल्स करता येतं पण फाइल कुठून आली याची खात्री असेल तरच, पिकल (पायथनचा डेटा साठवायचा प्रकार) फाइल उघडताना त्यात लपवलेला कोडही चालू शकतो.

आणि तुला पेपरमधले आकडे दशांशापर्यंत जुळवायचे असतील तर हा सगळा खटाटोप सोड, टी४ सारखं जुनं कार्ड भाड्याने घे, ते एसएम_७५ आहे, तुझ्या यादीत आहेच, तिथे मूळ १.१० जसाच्या तसा चालेल.

अर्धवट_कोड
आकडे जुळवायचे नाहीत, माझ्या डेटावर चालवायचंय. एक्स्टेंशन बिल्ड झालं, एनव्हीसीसी खरंच जुनाच होता पाथमध्ये. एनपी.फ्लोट एकूण अकरा ठिकाणी निघालं. चेकपॉइंटलाही ताई म्हणाल्या तसंच झालं, फाइल लेखकांच्याच पेजवरून घेतलेली म्हणून फॉल्स केलं. पहिला इपॉक (सगळ्या डेटावरची एक फेरी) चालू आहे, लॉस (मॉडेलची चूक) उतरतोय.

डबा_बंद
डॉकरमध्ये टूलकिट तरी आयतं मिळालं असतं 😄