अनुभव धागा: जोबिमचा 'उरुबू' तुम्ही कुठे, कसा ऐकलात?

सुरपेटी (धागाकर्ती): बोसा नोव्हाचा, म्हणजे ब्राझीलच्या त्या संथ संगीतशैलीचा, विषय निघाला की गाडी 'गर्ल फ्रॉम इपानेमा' या गाण्यातल्या त्या पोरीपाशी जाऊन अडते ती अडतेच, म्हणून मुद्दाम हा धागा. ब्राझीलचा संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम, अल्बम 'उरुबू', १९७६. रेकॉर्डिंग न्यूयॉर्कला, ऑर्केस्ट्राची बांधणी क्लाउस ओगरमनची, डबल बेसवर रॉन कार्टर. पहिल्या बाजूला चार गाणी, जोबिम स्वतः गातो, आणि रेकॉर्ड उलटली की गाणं बंद, पुढे फक्त ऑर्केस्ट्रा. माझं मत आधीच सांगते म्हणजे भांडायला सोपं, खरा अल्बम दुसऱ्याच बाजूला आहे. कोणी ऐकवला, कुठे ऐकलात, अर्ध्यात बंद केलात का ते लिहा. परीक्षण नको, स्टार तर अजिबात नकोत.

अर्धवट_पुणेकर: दुसऱ्या बाजूला मला झोप लागते. तक्रार नाहीये, शांत झोप लागते.

माळढोक: मी संगीतातला नाही, पक्ष्यांच्या नादाने इथवर आलो. उरुबू म्हणजे तिकडचं काळं गिधाड, म्हटलं गिधाडाच्या नावाने अल्बम काढणारा माणूस आहे तरी कोण, बघूया. जोबिमला पक्ष्यांचं वेडच होतं, आधीच्या १९७३ च्या अल्बमला त्याने 'मातिता पेरे' हे एका कोकिळवर्गातल्या पक्ष्याचं नाव दिलंय. मी ऐकायला लागलो त्या वर्षांत आपल्याकडची गिधाडं डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने संपत चालली होती, आम्ही म्हसळ्याजवळ चिरगावला घरटी बघायला जायचो आणि परतीच्या एसटीत कोणी फारसं बोलायचं नाही. ब्राझीलचं गिधाड आपल्या गिधाडांचं जवळचं नातेवाईक नाही हे मला माहितीये, दोन्ही कुळं वेगळी. तरीपण दुसऱ्या बाजूच्या 'साउदादे दो ब्राझिल'मधले ते लांबच लांब व्हायोलिनचे सूर ऐकले की पंख न हलवता गरम हवेवर तरंगणारं गिधाडच दिसतं मला, काय करू.

म्हापशेकार: आमच्याकडे हा अल्बम आजीमुळे गाजला. आजी पोर्तुगीज काळात शाळा शिकलेली, अजून हिशेब त्याच भाषेत करते. मी त्यातलं पहिलं गाणं 'बोतो' लावलं, सुरुवातीला ते बेरिंबाऊ वाजतं ना, एक धनुष्य, एक तार आणि खाली भोपळा, ते ऐकून आतून हाक आली, "कोण रे तुणतुणं वाजवतोय?" मग जोबिम आणि गायिका मिऊशा गायला लागले तशी बाहेर येऊन बसली. बोतो हा अमेझॉनमधला गुलाबी डॉल्फिन, जत्रेच्या रात्री देखणा पुरुष होऊन येतो आणि पोरींना नादी लावतो अशी तिकडची समजूत, ती मी सांगितली तर म्हणाली असले डॉल्फिन आपल्या गावात पण होते, नावं सांगू का? उच्चारांवर मात्र तिने स्पष्ट निकाल दिला, "आमच्या मास्तरांनी ह्याला नापास केला असता." त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की "तो नापास लाव" अशी ऑर्डर. दुसऱ्या बाजूची पाळी आली की उठून भांडी घासायला जाते.

गज: मी व्हायोलिन वाजवतो, वडील मुंबईत फिल्मी रेकॉर्डिंगला वाजवायचे. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोवेकर अरेंजर (वाद्यमेळ बांधणाऱ्या) लोकांनी लिहिलेलं ऐकत आमचे कान तयार झाले, गाण्याची ओळ संपली रे संपली की व्हायोलिनं धावत येऊन जागा भरतात, आणि ती कला आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण ओगरमन नेमका तिथे थांबतो. स्ट्रिंग्ज एकच सूर धरून उभ्या राहतात आणि खालची हार्मनी, म्हणजे सोबत वाजणारे बाकीचे सूर, सरकते, त्यामुळे सूर तोच पण चेहरा बदलतो. वाजवायला हे महाकठीण, हळू गज खेचताना हात थरथरला तर लपायला जागा नसते. वडिलांना ऐकवलं, त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "ह्यांना रिहर्सल किती मिळाली असेल रे?"
ता.क. जोबिमला लहानपणी पियानो शिकवणारे जर्मन गुरू कोलरॉयटर, ते पुढे साठच्या दशकात दिल्लीत येऊन राहिले आणि तिथे दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक उभं केलं. हे वाचल्यावर मी दिवसभर सगळ्यांना फोन करून सांगत होतो.

साइटवरचा: आर्किटेक्ट लोकांनी दुसरी बाजू ऐकलीच पाहिजे. जोबिम आर्किटेक्चरला गेला होता, वर्षाच्या आत सोडलं (शहाणा). शेवटची रचना 'ओ ओमें' म्हणजे 'माणूस', ती मूळची ब्राझिलियाच्या सिंफनीतली. राष्ट्राध्यक्ष कुबिचेकने ओसाड पठारावर नवी राजधानी बांधायला घेतली, आराखडा लुसिओ कोस्ताचा, इमारती निमायरच्या, आणि संगीत करायला जोबिम आणि कवी व्हिनिसियस द मोराइस तिथे जाऊन लाकडी घरात राहिले. २१ एप्रिल १९६० ला शहराचं उद्घाटन झालं. मूळ सिंफनीत शब्द होते, 'उरुबू'मध्ये ते काढून टाकलेत. मी हे साइटवर ऐकतो, स्लॅब पडायच्या दिवशी, एका कानात इयरफोन आणि दुसऱ्या कानात काँक्रीट दाबायच्या व्हायब्रेटरचा आवाज. ठेकेदाराला वाटतं साहेब कुठल्यातरी बुवांचं प्रवचन ऐकतात, मी पण सांगत नाही काही.

रात्रपाळी: सगळे इतके भारावलेत म्हणून भीत भीत लिहितो, मला ओगरमन जरा गोड होतो. पहिल्या बाजूच्या 'लिजिया'मध्ये जोबिमचा तो थकलेला आवाज आणि पियानो एवढंच पुरलं असतं की, मागे एवढी मंडळी कशाला उभी केलीत. 'मातिता पेरे' जास्त खडबडीत आहे, तो घ्या चर्चेला.

सुरपेटी: @रात्रपाळी, त्यातही ओगरमनच आहे हो! वेगळा धागा तुम्हीच काढा, मी येईन भांडायला. @म्हापशेकार, आजींना पहिल्याच बाजूचं 'आंजेला' ऐकवलंत का, काय म्हणाल्या?