मदत हवी आहे: हीटर लावून खोलीतले ढेकूण मारता येतील का?

नमस्कार मंडळी. पुण्यात 10 बाय 11 फुटांची खोली आहे, प्लायवूडचा बॉक्स बेड, वर कापसाची गादी. ढेकूण बेडच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत आहेत. दोनदा फवारणी झाली, फरक नाही. 2000 वॅटचा हीटर लावून, दार बंद करून खोली 50 अंशांवर नेली तर चालेल का? गादी उन्हात टाकणं पुरेल का?

प्रतिसाद 1
हीटर कृपा करून लावू नका. हवा 50 अंश झाली तरी विटांची भिंत आणि लादी उष्णता ओढत राहतात, प्लायचे सांधे गारच राहतात. खोली हळूहळू तापली की ढेकूण मरत नाहीत, सरकतात: स्विचबोर्डमागे, चौकटीच्या फटीत, शेजारच्या खोलीत. शिवाय बंद खोलीत हीटरजवळ गादी म्हणजे आगीला आमंत्रण. व्यावसायिक लोक मोठे हीटर, पंखे आणि जागोजागी तापमापक लावतात. सगळ्यात गार कोपरा 50च्या वर गेला की मगच वेळ मोजायला लागतात, आणि काम काही तास चालतं.

अंडी जास्त चिवट असतात. 48 अंशांना ती मरायला साधारण दीड तास धरा. 45 अंशांना सात तासही लागू शकतात. हे तापमान ढेकणाला लागलं पाहिजे, नुसतं हवेत असून उपयोग नाही.

प्रतिसाद 2
तुमच्यासाठी वाफ बरी. बेडचे स्क्रू काढून फळ्या सुट्या करा. स्टीम क्लीनरला रुंद तोंड लावून त्यावर सुती फडकं बांधा. अरुंद नळीच्या झोताने ढेकूण आणि अंडी उडून दुसरीकडे पडतात. एक फूट अंतराला 10 ते 15 सेकंद, इतकं सावकाश. तोंड पुढे गेल्याबरोबर पृष्ठभाग 70 अंशांच्या वर हवा, इन्फ्रारेड तापमापकाने बघून घ्या. स्क्रूची भोकं, बिजागऱ्या, फळीची खालची बाजू चुकवू नका. स्विचबोर्डावर वाफ अजिबात नको. नंतर पंखा लावून प्लाय पूर्ण वाळू द्या, नाहीतर फुगेल.

चादरी, अभ्रे, मच्छरदाणी आधी पिशवीत बांधा, मगच खोलीबाहेर न्या. धुताना पाणी 60 अंश. ड्रायर असेल तर कपडे पूर्ण सुकल्यावर आणखी 30 मिनिटं गरम हवेवर. कमी कपडे घाला, गच्च भरलेल्या ड्रमच्या मधोमध उष्णता पोचत नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. मग गादीचं काय? आणि किटलीतलं उकळतं पाणी ओतलं तर?

प्रतिसाद 1
उकळतं पाणी लोखंडी खाटेला उत्तम, प्लायला नाही. गादी उन्हात टाकली की वरची बाजू तापते, ढेकूण खालच्या सावलीत उतरतात आणि तिथून गच्चीभर. कापसाच्या पोटात तेवढी उष्णता जात नाही. शिवणी आणि कडा वाफेने करा, वाळल्यावर चेनचं बंद कव्हर घाला. त्याला कुठेही भोक नको, आणि वर्षभर काढायचं नाही.

प्रतिसाद 2
वाफेचा परिणाम नंतर टिकून राहत नाही. एखादं अंडं वाचलं तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आठवड्याभरात फुटतं. म्हणून 10 ते 14 दिवसांनी सगळं पुन्हा करा. बेडच्या पायांखाली गुळगुळीत कडांच्या प्लास्टिकच्या वाट्या ठेवा, आत थोडी टाल्कम पावडर. बेड भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकलेली नको. वाटीत काय सापडतं ते दर आठवड्याला इथे लिहा, त्यावरून पुढचं ठरवू.