२०१९ची ऑक्टेव्हिया की नवी देशी एसयूव्ही? गाडी बारा वर्षं ठेवायची आहे

मुळशीकर
बजेट १४ लाख, सगळं धरून. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा कोकण. एकदा घेतली की बारा वर्षं तरी विकायची नाही. पर्याय दोन. स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), २०१९ची, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ६५,००० किमी, पहिला मालक. नाहीतर टाटा किंवा महिंद्राची नवी कोरी छोटी पेट्रोल एसयूव्ही, ऑटोमॅटिक.

एक म्हणतो परदेशी गाडीचं लोखंडच वेगळं. दुसरा म्हणतो पार्ट घेताना रडशील. पार्ट महाग असतात ते जकातीमुळे का? आणि ब्रिटनशी करार झालाय, जकात उतरणार म्हणतात, तर थांबू का? 'मनाचं ऐका' छाप उत्तरं कृपया नकोत.

जकातनाका
थांबू नका. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये झालेल्या करारात जकात ठरावीक कोट्यापुरतीच आणि टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायची आहे. तिथून येतात त्या लँड रोव्हर, मिनी, बेंटली. १४ लाखांच्या गिऱ्हाइकाला त्यातून काही मिळत नाही.

आख्खी तयार गाडी बाहेरून आली तर काय होतं ते एकदा बघा. जहाजभाडं आणि विमा धरून किंमत ४० लाख समजा. म्हणजे ४०,००० डॉलरच्या वरची. २०२५च्या अर्थसंकल्पापासून तिच्यावर ७० टक्के मूळ जकात आणि ४० टक्के कृषी पायाभूत अधिभार, एकूण ११०. (आधीही अधिभारासकट ११०च होते. मथळ्यांत 'जकात उतरली', खिशात शून्य.) झाले ८४ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे १ कोटी १७ लाख ६० हजार. विक्रेत्याचा नफा अजून यायचाय आणि महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स सरसकट २० टक्के.

तीच गाडी सुट्या संचात आणून इथे जुळवली तर चित्र पालटतं. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवलेला असेल तर ३५ टक्के, तेही सुटं असेल तर १५. मर्सिडीज चाकणला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईला गाड्या जुळवते ते यामुळेच. 'संच' कुठे संपतो आणि 'सुटे भाग' कुठे सुरू होतात यावरून कस्टम्सने स्कोडा-फोक्सवॅगनला २०२४मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

तुमची ऑक्टेव्हिया इथेच, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवलेली. म्हणजे आरटीओच्या लेखी ती आयात गाडी नाही, आणि हे पुढे कामाला येईल.

आता पार्ट. आयात सुट्या भागावर जकात साधारण १५ टक्के, वर अधिभार. जीएसटी सप्टेंबर २०२५पासून देशी-परदेशी दोन्हींना १८. शंभर रुपयांच्या मालामागे जकातीचा फरक वीस रुपयांच्या आसपास पडतो. मग तिप्पट-चौपट किंमत कुठून येते? विकणारा एकच असतो म्हणून. २०१४मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला तो याच कारणाने: मूळ पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू द्यायची नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. त्या १४मध्ये टाटा, महिंद्रा, मारुतीही होत्या, हे 'देशी' म्हणताना लक्षात असू द्या.

स्पॅनर
लोखंडाबद्दल: बॉडी चांगलीच आहे, दारं बंद होताना कळतं. पण बारा वर्षांत गाडी पत्र्यामुळे बसत नाही. ती बसते गिअरबॉक्समुळे, कूलिंगमुळे आणि वायरिंगमुळे.

या गाडीतला गिअरबॉक्स डीक्यू२००. दोन कोरडे क्लच, तेलात बुडलेले नाहीत. पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि १.८चं इंजिन नेमकं त्या मर्यादेलाच बांधलंय. हायवेवर लोण्यासारखा चालतो. हिंजवडीच्या रांगेत मात्र गाडी इंच-इंच सरकते तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो, अस्तर चकाकतं आणि धक्के सुरू होतात. शिवाय मेकॅट्रॉनिक, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक ठोकळा. त्यातल्या प्रेशर साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरच्या बैठकीला तडा गेला की तेल गळतं, प्रेशर बनत नाही आणि गाडी जागेवर उभी. याच गिअरबॉक्ससाठी कंपनीने २०१३मध्ये जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून सिंथेटिक तेल काढून मिनरल भरलं होतं. तुमची गाडी त्यानंतरची. क्लचचं तापणं मात्र रचनेतलंच आहे, ते तेल बदलून जात नाही.

बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड हवं, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. चढावर ब्रेक सोडून पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये हळू सरकवा. थरथर जाणवली तर क्लच पॅक बदलणं आलंच. व्हीसीडीएस किंवा तत्सम स्कॅनर लावून गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वाचा. पी१८९सी (प्रेशर पुरेसं बनत नसल्याचा) कोड दिसला किंवा पूर्वी पुसल्याची नोंद मिळाली तर नमस्कार करून निघा. क्लचच्या अडॅप्टेशनचे, म्हणजे झिजेचा अंदाज देणारे आकडे आणि जास्त तापल्याची मोजणीही तिथेच मिळते, तिचा फोटो घ्या.

नंतर कूलंट. या गाडीच्या ईए८८८ इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं घर प्लॅस्टिकचं, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. उष्णतेने प्लॅस्टिक वाकतं, सील सोडतं. टॉर्च मारून गुलाबी-जांभळट वाळलेले ओघळ दिसतात का बघा. पातळी थोडी कमी म्हणून नुसतं पाणी ओतलेली गाडी असेल तर आतून गंजही धरलाय समजा. हा संच ८०-९० हजार किमीला बदलायची तयारी ठेवा, गळेपर्यंत वाट बघू नका. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड आली तर टेन्शनर तपासायला लावा.

पुराचं पाणी: चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी मातीची रेघ लपवणं फार कमी लोकांना जमतं. स्टेपनीची खळगी आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या कार्पेटमागचे कनेक्टर बघा, हिरवी बुरशी दिसली की विषय संपला.

एवढं सगळं पार पडलं तरी दोन लाख बाजूला ठेवूनच घ्या. म्हणजे तुमचं खरेदीचं बजेट १२.

कुर्ला_फियाट
जकातीचा हिशेब बरोबर, पण जकातीने देशी उद्योगाला दिलेल्या संरक्षणाची दुसरी बाजू राहिली. १९२८पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जुळवत होती. १९५३च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं, इथे बनवायचा कार्यक्रम असेल तरच राहा. जीएम आणि फोर्ड गेल्या. उरली मुख्यतः हिंदुस्तान मोटर्सची मॉरिस ऑक्सफर्डवरची ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्याची फियाट ११००, पुढे तीच पद्मिनी. स्पर्धा नाही म्हटल्यावर किंगपिनला ग्रीस मारणं, प्लॅटिनम (इग्निशनचे पॉइंट) घासणं, कार्ब्युरेटर उघडणं हा मालकाच्या संसाराचा भाग झाला. त्या गाड्या 'टिकल्या' त्या सतत दुरुस्त होत राहिल्या म्हणून. ॲम्बॅसेडर २०१४पर्यंत निघत होती, याला टिकाऊपणा म्हणायचा की बंद दाराची कृपा?

शेंद्रा_लाइन
अर्धंच खरं. १९८३ला मारुती ८०० आली तेव्हा सरकारने सुझुकीला दार उघडलं, पण अट घातली की वर्षागणिक इथले पार्ट वाढवत न्या. त्या अटीतून पुरवठादार उभे राहिले. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या शेडमध्ये आज जे बुश, हार्नेस, ब्रेक पॅड बनतात त्यांची मुळं त्या काळात आहेत. नुसती भिंत बांधली की ॲम्बॅसेडर होते. भिंतीला मुदत आणि अट असली की पुरवठासाखळी होते.

आणि मुळशीकरांनी देशी-परदेशी हा निकष सोडावा. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल घ्या. इटालियन रचना. रांजणगावला आणि मानेसरला बनलं, स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा सगळ्यांत बसलं. प्रदूषणाचे बीएस६ नियम आल्यावर २०२०मध्ये बंद झालं, तरी त्याचे इंजेक्टर, टर्बो, चेनचा संच आजही तालुक्याच्या गावी मिळतो, कारण इंजिनं लाखोंनी रस्त्यावर आहेत. उलट फियाटच्या लिनियाचं इंजिन सहज दुरुस्त होतं, पण हेडलाइट आणि बंपर शोधत फिरावं लागतं. बंद पडलेल्या मॉडेलचं पहिलं दुखणं इंजिन नसतं, काच, दिवे आणि पत्रा असतं. घेण्याआधी फक्त एवढंच करा: पुढची काच, हेडलाइट, पुढचा बंपर, एसी कंडेन्सर, लोअर आर्म. या पाच वस्तूंचं कोटेशन आणि मिळायला किती दिवस लागतील ते लेखी घ्या. दोन्ही गाड्यांचं. निर्णय आपोआप होईल.

मुळशीकर
सगळ्यांचे आभार. कोटेशन काढतो. नव्या गाडीत कुठला ऑटोमॅटिक घ्यावा? शिवाय दोन शंका : ऑक्टेव्हियाची पंधरा वर्षं २०३४ला संपतील, तेव्हा काय? आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय?

जकातनाका
२०३४ला फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. सध्याच्या दराने इथे जुळवलेल्या गाडीला केंद्राची फी ५,०००, आयात गाडीला ४०,०००. वीस वर्षांवरच्या गाडीला तेच १०,००० आणि ८०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शेंद्र्याचा उल्लेख मी केला तो यासाठी. जुन्या गाड्यांवरच्या बंदीचे दिल्लीचे नियम इथे लागू नाहीत, एजंट घाबरवतात.

स्पॅनर
तुमच्या रस्त्याला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. महिंद्राच्या ३एक्सओमधला सहा गिअरचा आयसिनचा आहे, म्हणजे 'देशी' गाडीत जपानी गिअरबॉक्स. नेक्सॉनमधला डीसीए दुहेरी क्लचचाच, पण क्लच तेलात बुडलेले, त्यामुळे डीक्यू२००पेक्षा ट्रॅफिकमध्ये बरा. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर यंत्र हलवतं) दुरुस्तीला सगळ्यात स्वस्त, फक्त कोकणातल्या घाटात चढावर थांबून निघताना हँडब्रेकची सवय लावा. एक पथ्य: नवं मॉडेल बाजारात आल्याच्या पहिल्या वर्षात घेऊ नका. देशी गाड्यांच्या तक्रारी बहुतेक सॉफ्टवेअर, स्क्रीन आणि सेन्सरच्या असतात, आणि त्या पहिल्या वर्षातच बऱ्याचशा निस्तरल्या जातात. वाढीव वॉरंटी पहिल्या दिवशीच घ्या, पण तीत टर्बो आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट आहे का ते वाचून.

ई२०: एप्रिल २०२३च्या आधीच्या गाड्यांचे रबर-सील त्यासाठी तपासलेले असतीलच असं नाही. इंजिन ताबडतोब बसत नाही, धोका हळूहळू होणाऱ्या गळतीचा. दर सर्व्हिसला इंधनाचे पाइप बोटाने दाबून बघा, कडक किंवा फुगलेले वाटले तर बदला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. ई२०साठी न बनलेल्या गाडीत मायलेज सहा-सात टक्के घटेल हे गृहीत धरा.

आणि शेवटी ऑक्टेव्हियाच घेतलीत तर हिंजवडीच्या रांगेत ब्रेक अर्धवट दाबून सरकत राहू नका. पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल.